नीसच्या समुद्रावर आठवडाभर विसावा

युरोपची सहल म्हटली की डोळ्यांसमोर काय येतं? पहाटे साडेपाचला दारावर थाप, सहाला बॅग खोलीबाहेर, सातला नाश्ता, आठला बस. दहा दिवसांत पाच देश. परत आल्यावर फोटो दाखवताना नवरा-बायकोचा वाद, की हा पूल झुरिकचा का ल्युसर्नचा. अशा सहलींना मी नावं ठेवणार नाही. पैसे साठवून आयुष्यात एकदा जायचं, तर चार गोष्टी जास्त बघून घ्याव्यात हे रास्तच आहे. पण त्या सहलीहून घरची बाई दमून येते, आणि दारात पाऊल टाकलं की साठलेले कपडे नि रिकामे डबे तिची वाट बघत असतात.

आज सांगते ती सहल निराळी. एक गाव, एक खोली, एक समुद्र, सात रात्री. बॅग एकदा उघडायची नि एकदाच भरायची. गेल्या जूनमध्ये मी नि माझी नणंद अशा दोघी फ्रान्समधल्या नीस या गावी जाऊन आलो. पुरुषमंडळींना घरी ठेवण्यात बंडबिंड काही नव्हतं. त्यांना समुद्राची हौस नाही, इतकंच. वन्सं साठीच्या, मी त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यांच्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्या गेल्या वर्षी गेल्या. सहा वर्षांत वन्संनी सलग पाच तास झोप घेतली असेल असं मला वाटत नाही. सासूबाई गेल्यावरसुद्धा रात्री दोनला, चारला जाग यायची. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. आता हवापालट म्हणून माथेरानला जाता येतंच की. पण वन्सं म्हणाल्या, “वहिनी, जवळ गेले तर दुसऱ्या दिवशी फोन येईल, मी तिसऱ्या दिवशी घरी असेन.” म्हणून लांब.

नीस हे भूमध्य समुद्रावरचं साडेतीन लाख वस्तीचं शहर. इटलीची सरहद्द इथून जेमतेम तीस किलोमीटर, आणि १८६० पर्यंत हे गाव फ्रान्सचं नव्हतंच, सार्डिनियाच्या राजाचं होतं. पाठीशी आल्प्सचे डोंगर असल्यामुळे उत्तरेचा बोचरा वारा अडतो. म्हणून हे ठिकाण मुळात उन्हाळ्याचं नव्हे, हिवाळ्याचं. अठराव्या शतकापासून छातीच्या दुखण्याचे श्रीमंत इंग्रज थंडीत ऊब घ्यायला इथं येत. १८२० च्या सुमारास हिमानं लिंबं-संत्री गेली नि गावातले मजूर उपाशी पडले, तेव्हा ल्युइस वे नावाच्या इंग्रज पाद्र्यानं आपल्या मंडळींकडून पैसे जमवून त्या मजुरांकडून समुद्राच्या कडेनं पायवाट बांधून घेतली. १८२४ मधली ती दोन मीटरची पाऊलवाट म्हणजेच आजचा सात किलोमीटरचा रस्ता, प्रोमेनाद देझांग्ले, इंग्रजांच्या फेरफटक्याची जागा. व्हिक्टोरिया राणीनं १८९५ ते १८९९ असे सलग पाच वसंत इथल्या सिमिए टेकडीवर काढले. तिला हिंदुस्थानी शिकवणारा आग्र्याचा मुन्शी अब्दुल करीमही तिच्याबरोबर इथं येऊन गेला, आणि त्यावरून राणीच्या दरबारी मंडळींत बरीच धुसफूस झाली. उन्हात मुद्दाम पडून राहायची, समुद्रात डुंबायची टूम पहिल्या महायुद्धानंतरची.

मग सामान्य माणूस इथं आला कधी? १९३६ साली. त्या वर्षी जूनमध्ये लेआँ ब्लूमच्या सरकारनं कायदा करून फ्रान्समधल्या प्रत्येक नोकरदाराला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. रेल्वेनं स्वस्त तिकिटं काढली आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता असे गिरणीकामगार बायकापोरांसह किनाऱ्यावर उतरले. १९८२ पासून ही रजा पाच आठवड्यांची झाली. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्यानं वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा बांधून दिली होती. आता या हिशेबात घरातल्या बाईचे दिवस धरून बघा. वन्संनी पस्तीस वर्षांच्या संसारात वीस दिवसांमागे एक रजा घेतली असती, तर ती जवळजवळ पावणेदोन वर्षं भरली असती. मी विमानात कागदावर मांडून दाखवलं, तर म्हणाल्या, “आणि तेवढे दिवस जेवण कोणी केलं असतं?”

हा प्रश्न त्यांनीच विचारला असं नाही. नीसमध्ये जुन्या गावाच्या डोक्यावर किल्ल्याची टेकडी आहे. किल्ला चौदाव्या लुईनं १७०६ मध्ये पाडून टाकला, आता वर नुसती बाग नि धबधबा. त्या टेकडीवर रोज दुपारी बाराला तोफेसारखा बार होतो. पहिल्या दिवशी दोघी दचकलो. गोष्ट अशी सांगतात, की १८६० च्या दशकात सर थॉमस कॉव्हेंट्री नावाचा एक स्कॉटिश माजी लष्करी अधिकारी इथं राहायचा. त्याची बायको सकाळी फिरायला जाई, मैत्रिणींशी गप्पांत रंगे आणि नवऱ्याच्या जेवणाची वेळ चुकवी. त्यानं काय करावं? नगरपालिकेला तोफ देऊ केली! बारा वाजता धडाका झाला की बाईंनी घरी यावं. पुढे साहेब गाव सोडून गेले, पण गावाला त्या आवाजाची सवय लागली, आणि १८७५ मध्ये नगरपालिकेनं ठराव करून ती प्रथा चालू ठेवली. आता तोफ नाही, दारूकामाचा बार उडवतात. एक एप्रिलला गंमत म्हणून तो अकरालाच वाजतो. नवऱ्याच्या भुकेसाठी साऱ्या गावाला घड्याळ लावून देणारा हा गृहस्थ, नि त्याच्यावर हसणाऱ्या आम्ही दोघी. तिसऱ्या दिवसापासून बार झाला की वन्सं पाण्यातच हात वर करून म्हणायच्या, “येत नाही हो!”

आता समुद्राविषयी. आपल्या कोकणच्या समुद्राची सवय असलेल्यांना इथं तीन गोष्टी नवीन वाटतात. पहिली, वाळू नाही. लिंबाएवढ्या, कवठाएवढ्या करड्या गुळगुळीत गोट्यांचा किनारा. लाट मागे जाताना त्या गोट्या एकमेकींवर घासून खळखळतात, तो आवाज रात्री खोलीपर्यंत येतो. अनवाणी चालणं मुश्कील, म्हणून रबरी तळाची पाण्यातली चप्पल घ्यायलाच हवी. गावात कुठल्याही दुकानात मिळते. बसायला जाड चटई घ्यावी. दुसरी गोष्ट, भरती-ओहोटी जवळजवळ नाही. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर चढते. इथं पाणी हातभरसुद्धा वर-खाली होत नाही. अटलांटिकशी जोडणारी जिब्राल्टरची वाट अवघी चौदा किलोमीटर रुंद, मग भरती आत शिरणार कुठून? त्याच कारणानं पाणी जास्त खारट. उन्हानं जेवढं पाणी उडतं तेवढं नद्या नि पाऊस भरून देत नाहीत, त्यामुळे लिटरला साधारण अडतीस ग्रॅम मीठ. महासागरांत ते सरासरी पस्तीस असतं. बाई पाठीवर सैल पडली की पाणीच तिला उचलून धरतं.

तिसरी गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. गोट्यांचा उतार एकदम तीव्र आहे. चार पावलांत पाणी छातीला लागतं, आणखी दोन टाकली की तळ नाही. पोहता येत नसेल तर हा किनारा पाय भिजवायचा. लहान मुलांनाही तेच. त्यांच्यासाठी गाडीनं सात-आठ मिनिटांवर व्हिलफ्रांश आहे. तिथं वाळू आहे, खाडीत पाणी संथ, आणि स्टेशनातून उतरलं की खाली समुद्रच. सगळीकडे उन्हाळ्यात जीवरक्षक असतात नि बावटे लावलेले असतात. हिरवा म्हणजे खुशाल जा, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे पाण्यात पाय नाही. जांभळा दिसला तर पाणी दूषित आहे किंवा जेलीफिश आलेत असं समजावं. जेलीफिश चावलाच तर गोडं पाणी ओतू नये, चोळू नये. समुद्राच्याच पाण्यानं धुऊन जीवरक्षकांच्या चौकीवर जावं.

वन्सं मूळच्या मालवणकडच्या. लहानपणी कंबरेला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या. लग्नानंतर चाळीसएक वर्षांत त्यांनी पोहण्याचं नाव काढलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या साडी सावरून काठावर उभ्या राहिल्या, आपल्याकडे गणपतीपुळ्याला बायका उभ्या राहतात तशा, घोट्यापर्यंत पाण्यात. आजूबाजूला पाहिलं तर त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याहूनही मोठ्या बायका. सकाळी सातला पिशवी घेऊन यायच्या, टॉवेल पसरायच्या, सुटलेली पोटं नि सुरकुतलेल्या मांड्या घेऊन निवांत पाण्यात शिरायच्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. अर्धा तास पोहून झालं की अंग पुसायचं, कपडे चढवायचे नि पाव विकत घेऊन घरी. दात घासण्याइतकी साधी गोष्ट. मासिकांतल्या रंगीत चित्रांतला हा किनारा नव्हे. तिथं दिसतात त्या मुली इथंही होत्या, पण त्या दुपारी उठून येतात.

पोशाखाचं विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी सांगते. साडी, सलवार-कमीज घालून पाण्यात जाऊ नये; सुती कापड भिजलं की जड होतं नि पायांत अडकतं. आपल्याकडे आता पोहण्याच्या कापडाचे पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे पोशाख मिळतात, ते आम्ही नेले होते. २०१६ साली या भागातल्या काही महापौरांनी मुसलमान बायकांच्या अंगभर पोशाखावर बंदी घातली होती. त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयानं व्हिलनव्ह-लुबे गावची बंदी रोखली. आम्हांला कोणी हटकलं नाही. तरणतलावात मात्र नियम वेगळे नि कडक आहेत, तिथं आधी विचारावं. आणि किनाऱ्यावरून गावात शिरताना अंगावर कोरडा कपडा हवाच, ही तिथलीही रीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं आत गेल्या. जूनच्या मध्याला पाणी एकवीस अंशांच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या हिशेबानं गारच. “आई गं!” म्हणून ओरडल्या, मग एकदम मान पाण्याबाहेर ठेवून, विहिरीत पोहतात तसे हात मारत निघाल्या. पंधरावीस हात गेल्या नि परत आल्या, काठावर बसून बराच वेळ बोलल्याच नाहीत. तिसऱ्या रात्री त्या झोपल्या ते सकाळी आठला उठल्या. मी उठवलं नाही, नाश्त्याची वेळ टळू दिली.

राहण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर स्वस्त पडतं, हे खरं. पण ओटा दिसला की बाईचा हात चालू होतो. भारतातून कुकर, मसाल्याचा डबा, पोह्यांची पिशवी निघते, आणि समुद्र खिडकीतून दिसत असतो. दोघी-तिघी असाल तर नाश्ता मिळणारी साधी खोली घ्या; पाणी तापवायची किटली असली म्हणजे चहाची सोय झाली. मुलंबाळं धरून पाच-सहा माणसं असतील तर घर घ्यावंच लागेल. मग निघण्यापूर्वीच ठरवून टाका, की घरी एकच वेळ शिजेल आणि भांडी बाईनं घासायची नाहीत. हे इथं बसून ठरवा. तिथं गेल्यावर ठरत नाही.

जेवणाचे हाल होतील ही भीती बाळगू नका. जुन्या गावात कूर सालेया नावाचा बाजार भरतो, सोमवार सोडून रोज सकाळी. सोमवारी तिथं जुनी भांडीकुंडी, दागिने, लेस मांडतात. एका अंगाला फुलं, दुसऱ्या अंगाला भाजी: टोमॅटो, वांगी, ऑलिव्ह, जर्दाळू, चेरी, अंजिरं. झुकिनीची पिवळी फुलं जुड्या बांधून ठेवलेली. त्यांची पिठात बुडवून भजी करतात, अगदी आपल्या भोपळ्याच्या फुलांसारखी! वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो ऑलिव्ह तेलात शिजवून केलेली रातातुई ही भाजी मूळ या गावचीच. शाकाहारी मंडळींनी जपायचं ते दोन ठिकाणी. पां बान्या नावाचा भरलेला गोल पाव दिसतो छान, पण आत ट्यूना नि अंडं असतं. आणि कांद्याच्या पिस्सालादिएरवर बारीक खारवलेले मासे. “सां व्हियांद, सां प्वासों” एवढं पाठ करा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. त्याआधी दुकानात शिरताना “बोंजूर” म्हणायचं. ते न म्हणता मागणी सांगितली तर तिथं उद्धटपणा समजतात.

आणि सॉक्का! दीडदोन हात व्यासाच्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं बेसनाचं पातळ थर. वरून मिरपूड. वन्संनी पहिला घास घेतला नि माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, अहो हे धिरडं आहे!” एवढ्या लांब येऊन हरभऱ्याचंच पीठ खायचं म्हणजे पैसे फुकट गेले, असं त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं, आणि सात दिवसांत पाचदा खाल्लं.

बघण्याचं म्हणाल तर आम्ही दोनच गोष्टी ठरवून केल्या. एक दिवस मांतोंला, गाडीनं पाऊण तासाच्या आत. लिंबांच्या बागांचं, पिवळ्या-गुलाबी घरांचं गाव. दुसरं, सिमिए टेकडीवरचं मातीस या चित्रकाराचं संग्रहालय. मातीस १९१७ च्या डिसेंबरात इथं आला तो पाऊस बघून परत निघाला होता. तेवढ्यात आभाळ उघडलं नि तो राहिला. १९५४ मध्ये त्याच गावात गेला. बाकीचे दिवस सकाळी पाणी, दुपारी पडदे ओढून झोप, संध्याकाळी समुद्राकाठच्या निळ्या खुर्च्या. त्या फुकट असतात. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो, तोवर नुसतं बसायचं. या रस्त्याच्या कडेला आता जाड खांब नि पोलादी तारा लावल्या आहेत. १४ जुलै २०१६ च्या रात्री, राष्ट्रीय दिनाची आतषबाजी पाहायला जमलेल्या गर्दीत एकानं ट्रक घातला, ८६ माणसं मारली गेली, त्यात कितीतरी मुलं होती. तरी लोक संध्याकाळी इथंच येतात, म्हाताऱ्या बायका लोकर घेऊन येतात, पोरं चाकांच्या बुटांवर धावतात.

जायचं असेल तर जून किंवा सप्टेंबर धरा. जुलै-ऑगस्टात सारं फ्रान्स सुट्टीवर असतं; दर चढतात, चटईला जागा मिळत नाही. सप्टेंबरात पाणी जूनपेक्षा कोमट. मुंबईहून दुबईला किंवा पॅरिसला विमान बदलावं लागतं. नीसच्या विमानतळावरून ट्राम थेट गावात जाते, टॅक्सीची गरज नाही. शेंगेन व्हिसाची फी २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज निघण्याआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण तेवढं ताणू नये. किनाऱ्यावर सशुल्क खाटा-छत्र्यांचे पट्टे आहेत तसे फुकट पट्टेही आहेत, आणि पाणी दोन्हीकडचं एकच. पासपोर्ट खोलीत ठेवा, पाण्यात दोघी एकदम जाऊ नका, एक पिशवीजवळ बसा. नळाचं पाणी प्यायला चांगलं असतं; बाटल्यांवर पैसे घालवू नका.

घरचे फोन आले. तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी होत नाही म्हणून, पाचव्या दिवशी गॅसचं पुस्तक कुठे आहे म्हणून. वन्संनी दोन्ही वेळा सांगितलं आणि ठेवला. परत आल्यावर घर जसंच्या तसं होतं, फक्त चहाची साखर संपलेली.

सॉक्का घरी करायचा तर असा. पाव किलो बेसन चाळून घ्यावं. त्यात अर्धा लिटर पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडाव्यात, चमचाभर मीठ नि तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल घालून दोन तास झाकून ठेवावं. वर आलेला फेस काढून टाकावा. ओव्हन अडीचशे अंशांवर तापवून, आतच तापलेल्या पसरट थाळ्यात सढळ तेल घालावं आणि पीठ अर्धा सेंटीमीटरहूनही पातळ ओतावं. दहा ते पंधरा मिनिटांत कडा सुटतात, वर काळसर डाग पडतात. तोवर काढू नये. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर होतो. मग तो आपला पोळाच म्हणायचा, पण वाईट लागत नाही. मिरी ताजी कुटून वरून भरपूर घालावी. कोथिंबीर नि हिरवी मिरची घालायचा मोह होईल, पहिल्या खेपेला तरी घालू नका. सुरीनं न कापता हातानं तोडून गरमच खावा. गार झाला की वातड होतो.